तळ्यातला डीकन

फ्रीजच्या पोटात बर्फाचे खडे धडधडत कोसळले आणि झोपलेलं घर दचकलं. लिअ‍ॅनने श्वास रोखून धरला. मांडीवरच्या एमसने दूध पिता पिता डोळे उघडले, छताकडे पाहिलं, जगबुडी झालेली नाही एवढी खात्री करून घेतली आणि पुन्हा मिटले. भाड्याच्या घराची ही खोड तिला दर उन्हाळ्यात नव्याने भेटायची. घरात तान्हं मूल असलं की कळतं, शांततेला किती शत्रू असतात ते.

उजाडत होतं. भिंतीला टेकवलेल्या मासे धरायच्या काठ्यांमधली सर्वांत लांब काठी जागेवर नव्हती, म्हणजे पॉप समुद्रावर गेले होते. पुढचा रस्ता ओलांडला की वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे समुद्र. मागच्या अंगणाला लागून तळं. टिस्डेल मंडळी मासे समुद्रातून आणायची आणि साफ करायची तळ्याच्या लाकडी धक्क्यावर. क्लेटन, म्हणजे लिअ‍ॅनचा नवरा, नीट चालायला लागायच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. जुलैमधला एक आठवडा, शनिवार ते शनिवार, हेच घर.

यंदा नेल नव्हती. लिअ‍ॅनची सासू फेब्रुवारीत गेली आणि जाताना सासऱ्यांचा आवाजही घेऊन गेली. हार्लन टिस्डेल, सगळ्यांचे पॉप, जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत आणि त्या गाड्यांपेक्षा मोठ्याने बोलत आलेले. आता रविवारी जेवायला यायचे, ताटातल्या तळलेल्या भेंडीकडे बघत बसायचे, ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरं’ एवढ्यावर भागवायचे. क्लेटन म्हणायचा, “वेळ लागेल.” लिअ‍ॅनला वाटायचं, वेळ काय औषध आहे का, चमच्याने पाजायला?

आणि मग सोमवारी तिने त्यांना बोलताना ऐकलं. एमसचे ओले कपडे वाळत घालायला ती मागे गेली होती. पॉप धक्क्यावर पाठमोरे बसले होते, हातात माशाचं मुंडकं होतं.

“नेलला नाही जमलं यंदा,” ते म्हणत होते. “शेवटी शेवटी फार काही खायची नाही. तुझी आठवण काढली होती मात्र. हे घे. हे तिच्या वाटचं.”

पाण्यात दोन डोळे आणि एक लांब नाकाडं स्थिर तरंगत होतं. मुंडकं पडलं, जबडा मिटला, पाणी पुन्हा गुळगुळीत झालं. लिअ‍ॅन ओले कपडे छातीशी धरून तशीच मागे फिरली. हे तिने क्लेटनला सांगितलं नाही. काही गोष्टी पाहिल्या तरी पाहिल्या नाहीत म्हणायच्या असतात.

त्या मगरीचं नाव डीकन. नाव नेलनेच ठेवलेलं, चर्चच्या सेवकाच्या हुद्द्यावरून. “आपल्या चर्चमधला तो मोठा डीकन बघा,” ती म्हणायची, “प्रवचनभर अर्धे डोळे मिटून मागच्या बाकावर बसेल, पण पंगत बसायची वेळ झाली की बरोबर जागा! अगदी तस्सा.” डीकन पूर्वी हातभर लांबीचा होता म्हणे, आता नऊ फुटांचा तरी असेल. काठावर पाटी होती, मगरींना खायला घालू नये. ती पाटीसुद्धा इतकी जुनी की तिच्यावरची मगर उन्हाने पांढरी पडली होती.

“पाटी पाहुण्यांसाठी आहे,” पॉप म्हणायचे, बोलत होते तेव्हा.

“आणि आपण कोण?” क्लेटनची थोरली बहीण रेनी विचारायची.

“आपण नेहमीचे पाहुणे.”

*

गुरुवारी सकाळी सगळे समुद्रावर गेले. एमसच्या थोरल्या बहिणीला, हॅटीला, यंदा स्वतःची काठी मिळाली होती. सहा वर्षांची पोर, तिच्या दुप्पट उंचीची काठी, आणि चेहऱ्यावर भाव असा की सगळ्या गावाच्या जेवणाची जबाबदारी हिच्यावरच. पॉपनी सोललेल्या कोळंबीचा तुकडा गरीत ओवून दिला, तिच्या मागे उभे राहून तिच्या काठीने गळ लांब फेकला. शिसं टप्पकन पाण्यात पडलं.

“पॉप, माशाला कळतं का आत गरी आहे ते?”

“कळलं असतं तर काल तू काय खाल्लं असतंस? मक्याच्या कण्या?”

“मला कण्या आवडतात.”

“मग सांग माशांना तसं. वाचतील बिचारे.”

लिअ‍ॅन छत्रीखाली एमसला घेऊन बसली होती. तिने मान वर केली. दोन आख्खी वाक्यं! रेनीनेही ऐकलं होतं. तिने उकडलेल्या शेंगांची पिशवी लिअ‍ॅनकडे सरकवली आणि भुवया उडवल्या.

तेवढ्यात काठी वाकली. हॅटी किंचाळली. क्लेटन धावला तसा पॉपनी हात आडवा धरला. “तिचा मासा आहे. हात लावशील तर बघ.” हॅटी ओठ दातात धरून चाक फिरवत राहिली आणि शेवटी वाळूवर एक रुपेरी व्हाइटिंग मासा उड्या मारू लागला. तिच्या पावलाएवढा असेल.

“मुका घे,” पॉप म्हणाले. “पहिल्या माशाचा मुका घ्यायचा. टिस्डेलांचा कायदा आहे.”

“ईऽऽ! डॅडीने घेतला होता?”

“शिंगाळ्याचा घेतला होता,” क्लेटन म्हणाला. “त्याने काटा मारला. हा बघ, ओठावर वण आहे अजून.”

“तो वण शिंगाळ्याचा नाही,” रेनी म्हणाली, “माझी सायकल न विचारता घेऊन पडला होतास, त्याचा आहे. देव बघतोय, क्लेटन.”

हॅटीने डोळे घट्ट मिटून माशाचा मुका घेतला आणि लगेच समुद्रात तोंड धुतलं. पॉप हसले. आवाज फुटला नाही, पण खांदे हलले. लिअ‍ॅनला एकदम रडू आलं. तिने ते एमसच्या टोपीत लपवलं.

दुपारी धक्क्यावर साफसफाई. इथे पॉपची एक पद्धत होती. फळीवर मासा धरायचा, शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायचे, आणि मुठीला चिकटलेले खवले झटकायला सुरीची मूठ पालथ्या बादलीच्या बुडावर आपटायची. ठक, ठक, ठक. खवले झटकायचे म्हणूनच हे सुरू झालं होतं. मग कधीतरी तळ्यातल्याने त्याचा अर्थ लावला, आणि पॉपनीही तो लावू दिला. आता खवले नसले तरी बादली वाजायची, आणि डीकन यायचा.

तो पूर्वी तळ्याच्या मध्यावर थांबायचा. लिअ‍ॅन लग्न होऊन आली तेव्हाचं तिला नीट आठवत होतं. यंदा तो धक्क्याच्या शिडीपाशी आला.

“पहिल्या माशाचं मुंडकं डीकनला, हाही कायदाच,” पॉप म्हणाले आणि ते हॅटीच्या हातात दिलं.

“पॉप, तिला नको,” लिअ‍ॅन म्हणाली. “लांबून टाका तुम्हीच.”

“मी धरलंय तिला.”

त्यांनी खरंच धरलं होतं, पक्कं, पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्याला. हॅटीने मुंडकं फेकलं. पाण्यात जबड्याचा आवाज झाला, जड दार लागावं तसा. हॅटी खिदळली, आणि लिअ‍ॅनने मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी बोलू. पुढच्या वर्षी, सासऱ्यांचा आवाज पुरता परत आला की.

*

पुढच्या वर्षापर्यंत थांबायची पाळी आली नाही.

जेवणं झाली, पॉप आणि रेनी वर आडवे झाले, क्लेटन बर्फाच्या पिशव्या आणायला दुकानात गेला. हॅटी व्हरांड्यात रंगवत बसली होती. लिअ‍ॅन एमसला झोळीत अडकवून भांडी विसळत होती. नळ बंद केला तेव्हा तिला ऐकू आलं.

ठक, ठक, ठक.

तिला आधी वाटलं, पॉप उठले. मग लक्षात आलं, पॉपचं घोरणं वरून चालूच आहे.

तिने खिडकीतून पाहिलं. हॅटी धक्क्यावर नव्हती. तळ्याच्या काठाला, जिथे गवत उतरत पाण्यात जातं तिथे, वाळूत खेळायची लाल प्लास्टिकची बादली पालथी घालून बसली होती आणि फावड्याच्या दांड्याने ती वाजवत होती. तिच्यासमोर गवतावर डीकन होता. पाण्यात नाही, गवतावर. पुढचे दोन्ही पाय बाहेर, पोट निम्मं बाहेर. दोघांच्या मध्ये एक खाट मावली असती, फार तर.

लिअ‍ॅन कशी पोचली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. जाळीच्या दाराचा आवाज होऊ दिला नव्हता, एवढं आठवलं. तिने मागून हॅटीचा दंड धरला आणि उचलून मागे खेचत खेचत नेलं. छातीवर एमस, काखेत हॅटी. डीकन हलला नाही. त्याने फक्त तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. धावून आला नाही की फुत्कारला नाही. वाट बघत राहिला. हा काय आपल्याला खायला आलेला नाही, हा आपल्याकडे मागायला आलाय, असं तिच्या मनात आलं, आणि तिने पावलं आणखी भरभर मागे टाकली.

“ममा, सोड ना! मी वाजवलं आणि तो आला!” हॅटी तिच्या काखेतून ओरडत होती. “पॉपना सांग! मलासुद्धा येतं!”

*

त्या संध्याकाळी टेबलावर टोमॅटोचे सँडविच होते आणि कुणी त्यांना हात लावत नव्हतं. हॅटीला वर फोनवर गोष्टी लावून बसवलं होतं.

“कुंपण घालायला सांगू,” क्लेटन म्हणाला. “घरमालकाला फोन करतो. नवी पाटी लावा म्हणतो.”

“पाटी,” रेनी म्हणाली. “आपल्या घरच्यांना काय वाचता येत नव्हतं होय?”

“मी काय म्हणतोय, परवा आपण निघणार. तोवर पोरीला मागे जाऊ द्यायचं नाही. झालं.”

“आणि शनिवारी दुपारी दुसरी गाडी येईल,” लिअ‍ॅन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. एमस खांद्यावर होता, त्याला थोपटणंही थांबलं नव्हतं. “त्यातून कुणाचं तरी पोर उतरेल. हातात वाळूची बादली असेल. पोर बादलीचं काय करतं, क्लेटन?”

पोर बादलीचं काय करतं ते सगळ्यांना माहीत होतं.

“तो तिला काही करणार नव्हता,” पॉप म्हणाले. सँडविचकडे बघत. “खायला मागत होता.”

“हो पॉप. मी पाहिलं ना. मागतच होता. पण त्या पोराच्या हातात द्यायला काही नसेल.”

“ते मगरी धरणारे लोक येतील, मोठी काठी घेऊन. ओढतील त्याला. त्याने इतक्या वर्षांत कुणाला...” पॉपनी ग्लास उचलला, गोड चहा न पिताच खाली ठेवला. “लिअ‍ॅन, माझ्याकडे आता...”

वाक्य तिथेच राहिलं. ते कुठे जाणार होतं ते सोमवारचं बोलणं ऐकलेल्या एकट्या सुनेला कळलं. तिला वाटलं उठावं, त्यांच्या म्हाताऱ्या हातावर हात ठेवावा आणि म्हणावं, राहू दे. पण खांद्यावर एमसचा श्वास लागत होता, ओला, कोमट. शनिवारी उतरणाऱ्या त्या बाईच्या खांद्यावरही एखादा असेल. तिला तर हे घर नवीन. ती बाई आधी किराणा फ्रीजमध्ये लावेल, आणि तोवर पोरं मागे धावतील.

पॉप उठून गेले. क्लेटनने हलक्या आवाजात विचारलं, “फोन केला की त्याला मारतात, ली. माहीत आहे ना तुला?”

“दुसरीकडे सोडत असतील. नदीत वगैरे.”

“विचारून बघ.”

तिने विचारलं. व्हरांड्यात उभं राहून, वन्यजीव खात्याच्या फोनवरच्या बाईला, जणू सहज. 

“नाही हो मॅडम. एवढ्या मोठ्याला नाही. माणसाच्या हातचं खाल्लेलं जनावर कुठेही सोडलं तरी माणूसच शोधत येतं. सॉरी. पत्ता सांगता?”

फोन ठेवून देता आला असता. लिअ‍ॅनने तळ्याकडे पाहिलं. पाणी गुलाबी झालं होतं, आणि त्यात कुठेच काही नव्हतं.

तिने पत्ता सांगितला.

*

शुक्रवारी सकाळी ड्युप्री नावाचा माणूस आला. परवान्याचा मगरी धरणारा. किरकोळ, चष्मा लावलेला, शाळेत भूगोल शिकवत असावा असा. त्याच्याकडेही एक काठीच होती, पॉपच्या काठीपेक्षा जाड, आणि तिच्या टोकाला तीन आकड्यांची गरी. ती मगरीच्या पाठीवरून टाकायची आणि अडकवून ओढायची. लिअ‍ॅनने हॅटीला पुढच्या बाजूला, समुद्राकडच्या पायऱ्यांवर बसवून ठेवलं आणि आत-बाहेर करत राहिली.

डीकन आला नाही. तो तळ्याच्या मध्यावर होता, पूर्वीसारखा. ड्युप्रीने गरी फेकली की बुडायचा आणि पलीकडे निघायचा. कोंबडीचा तुकडा लावला, त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ऊन चढलं. ड्युप्रीने टोपी काढून घाम पुसला.

“शहाणा आहे,” तो क्लेटनला म्हणाला. “अनोळखी माणूस ओळखतो. आज नाही यायचा हा. मला मंगळवारी जमेल बघा.”

“मंगळवारी आम्ही नसू,” क्लेटन म्हणाला.

“दुसरे असतील ना?”

लिअ‍ॅन मागच्या दारात उभी होती. तिला पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. पॉप खाली येत होते, कालचाच शर्ट घालून. दाढी केलेली होती, हनुवटीवर कापलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सिंकखालची बादली घेतली. खणातून सुरी घेतली.

“पॉप,” ती म्हणाली. “तुम्ही नका. मंगळवारी येईल तो. मी त्या नव्या लोकांसाठी काहीतरी... मी इथे राहते मंगळवारपर्यंत. पोरांना घेऊन राहते.”

“मी वाजवलं नाही तर तो यायचा नाही,” पॉप म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. काल ऐकलं, तेच तर चुकलं ना.” मग दारात थांबून, पाठमोरेच म्हणाले, “तू फोन केलास ते बरोबर केलंस. मला तुझा राग आलाय. दोन्ही आहे. जा, पोरीजवळ बस.”

ती पुढे गेली. हॅटी पायरीवर बसून शेंगा सोलत होती, खारं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं. समोर वाळूच्या टेकड्यांवर गवत वाऱ्याने एकाच बाजूला पडलं होतं. लिअ‍ॅन शेजारी बसली आणि एमसला मांडीवर घेतलं. काहीतरी बोलायला हवं होतं, खूप आणि मोठ्याने, म्हणजे मागचं काही ऐकू आलं नसतं.

ठक, ठक, ठक.

हॅटीची मान वळली. “पॉप वाजवतायत!” ती उठायला लागली. लिअ‍ॅनने तिच्या मांडीवर हात ठेवला, दाबून.

“बस, बाळा.”

“पण ते वाजवतायत! तो येईल ना आता?”

पुन्हा वाजलं. या वेळी मध्ये जरा जास्त थांबून. आणि मग पॉपचा आवाज आला, त्यांचा जुना, अंगणभर पसरणारा आवाज. फेब्रुवारीपासून कुणी तो ऐकला नव्हता. “ये रे, ये. ये, म्हाताऱ्या.” त्यानंतर पाणी जोरात उसळलं, काहीतरी जड धक्क्याच्या लाकडावर आपटलं, क्लेटनने ओरडून कुणाला तरी बाजूला व्हायला सांगितलं. बराच वेळ फक्त पाणी ऐकू येत होतं. शेवटी एक छोटा, सुका आवाज झाला. हॅटीच्या हातातली शेंग सोलली गेलीच नाही.

मग गाडी सुरू झाली, घराला वळसा घालून रस्त्यावर आली. मागे ताडपत्री होती. ड्युप्रीने खिडकीतून टोपीला हात लावला, पण हॅटीकडे पाहिल्यावर हात खाली घेतला.

पॉप कोपऱ्यावरून आले. समुद्रावरून आल्यावर पाय धुवायच्या नळाशी उभे राहून त्यांनी हात धुतले, मनगटांपर्यंत, मग कोपरांपर्यंत, मग पुन्हा. नळ बंद केला आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले. लिअ‍ॅन दोन पायऱ्या खाली सरकली. तिने एमसला त्यांच्या ओल्या हातांत दिलं. त्यांनी घेतलं. एमसने त्यांच्या हनुवटीवरचा कापलेला भाग बोटाने चाचपून पाहिला, आणि पॉपनी चेहरा बाजूला केला नाही.

हॅटी आजोबांच्या पाठीकडे खूप वेळ बघत होती. काय झालं असं तिने विचारलं नाही. सहा वर्षांची असली तरी माशांच्या घरातली पोर होती ती. ती हळूच खाली आली, आईला चिकटली, आणि खाऱ्या ओठांनी तिच्या कानाशी कुजबुजली,

“ममा, आपल्या माणसाने हाक मारली की यायचंच असतं ना?”